फत्तेमारी, प्रमाण १:२४ : जून ते नोव्हेंबर २०२४ च्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२४, रत्नागिरी

मासेमारी १ जूनपासून बंद झाली आणि मिरकरवाड्याच्या बाजूला होड्या वर ओढून शाकारण्याचे काम सुरू आहे. घरात बसून करायच्या कामाला यापेक्षा चांगले दिवस मिळणार नाहीत, म्हणून गेली दोन वर्षे मनात असलेली फत्तेमारीची छोटी प्रतिकृती आता बांधायला घेतो आहे. यापूर्वी मी दोन मचवे आणि एक उलांडीची होडी बांधली. ती तिन्ही कपाटात शोभेला आहेत. ही मात्र पाण्यात, केवळ वाऱ्यावर चालली पाहिजे. मोटार बसवायची नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो.

फत्तेमारी म्हणजे कोकण आणि मलबारच्या किनाऱ्यावर माल वाहणारे, पुढे झुकलेल्या डोलकाठ्यांचे आणि तिरक्या वाशावर टांगलेल्या तिकोनी शिडांचे गलबत. तिची मापे मी जॉन एडी यांच्या लेखातून घेतली. हे श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीच्या आरमारी गोदीत मुख्य जहाजबांधणीकार होते आणि त्यांनी हिंदुस्थान व सिलोनच्या देशी नौकांवर लिहिलेला लेख रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८३४ साली छापला गेला. मोठ्या फत्तेमारीची लांबी त्यात सुमारे ७६ फूट ६ इंच, रुंदी २१ फूट ६ इंच आणि खोली ११ फूट ९ इंच दिली आहे. एका फुटाला अर्धा इंच धरला, की प्रतिकृती ९७ सेंटिमीटर लांब, सव्वासत्तावीस सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर खोल होते. दुचाकीवर मागे बसलेल्या माणसाला ती मांडीवर आडवी धरता येईल, हाही विचार या प्रमाणामागे आहे.

१६ जून

आज लाकडाला हात लावला नाही. दिवसभर वहीत आकडेमोड केली, आणि ती करावीच लागते असे माझे ठाम मत झाले आहे, कारण चालणारी प्रतिकृती बिघडते ती बहुतेक वेळा सुताराच्या हातून नव्हे, तर प्रमाणाच्या हिशेबात.

लांबी चोविसाव्या हिश्शावर आणली, की शिडाचे क्षेत्रफळ २४ च्या वर्गाने, म्हणजे ५७६ पटींनी कमी होते आणि वजन २४ च्या घनाने, म्हणजे १३,८२४ पटींनी कमी होते. वारा शिडाला ढकलतो तो क्षेत्रफळाच्या हिशेबाने. त्याला डोलकाठीच्या उंचीने गुणले, की कलवणारा जोर २४ च्या घनाने घटतो. सावरणारा जोर मात्र वजन आणि रुंदी यांच्या गुणाकाराने ठरतो, म्हणजे २४ च्या चौथ्या घाताने घटतो. परिणाम असा, की जो वारा खऱ्या फत्तेमारीला सुखाने पळवतो, त्याच वाऱ्यात हुबेहूब प्रतिकृती तिच्यापेक्षा चोवीस पट हळवी असते आणि आडवी होते.

वारा लहान करता येत नाही. बारा नॉटचा, म्हणजे ताशी बावीस किलोमीटरचा वारा प्रतिकृतीच्या प्रमाणात आणायचा, तर त्याला २४ च्या वर्गमुळाने, म्हणजे ४.९ ने भागावे लागते, आणि उत्तर येते अडीच नॉटच्याही आत. एवढ्या वाऱ्यात नारळीच्या झावळ्यांची टोके तेवढी हलतात. तेव्हा या नावेचे पाण्यावरचे रूप अस्सल ठेवायचे आणि पाण्याखाली, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, काढता-घालता येणारे खोल पाते आणि त्याच्या टोकाला शिशाचे वजन लावायचे, असा निर्णय केला. मोठ्या गलबतात नीरम म्हणून दगड किंवा माल तळाशी भरत. माझे नीरम तळाच्याही खाली पाव मीटर लोंबणार आहे. याबद्दल मला खंत वाटत नाही. पाणी आणि वारा आहेत तेवढेच मोठे राहतात, आणि त्यांच्यात जाणाऱ्या लहान नावेला ती तडजोड करावीच लागते.

३० जून

चार मिलिमीटर मरीन प्लायच्या दहा बरगड्या कापल्या आणि पाटावर उलट्या उभ्या केल्या. तळाचा कणा, ज्याला आमच्याकडचे सुतार पठाण म्हणतात, तो सागवानाचा घेतला. फत्तेमारीच्या कण्याला मध्यभागी वरच्या दिशेने हलका बाक असतो आणि नाळ, म्हणजे नावेचे पुढचे टोक, लांब, तिरकी पुढे झेपावते. त्यामुळे पाण्याला टेकणारी लांबी एकूण लांबीपेक्षा बरीच कमी, माझ्या नावेत सुमारे पंचाहत्तर सेंटिमीटर भरते. सहाव्या आणि सातव्या बरगडीत दोन मिलिमीटरचा फरक राहिला होता. तो डोळ्यांना दिसला नाही, पण लवचीक पट्टी सगळ्या बरगड्यांवरून टेकवली तेव्हा तिथे उजेडाची फट दिसली. बरगडीच्या काठावर पातळ चकती चिकटवून ती भरून काढली.

१४ जुलै

पंधरा दिवस फळ्या लावतो आहे. फळ्या शिवण लाकडाच्या, सात मिलिमीटर रुंद आणि दोन मिलिमीटर जाड. शिवण हलके असते, ओल-उन्हात फारसे वाकडेतिकडे होत नाही आणि पटाशीखाली लोण्यासारखे कापले जाते. पट्टी वीस मिनिटे गरम पाण्यात ठेवायची, मग इस्त्रीच्या कडेवर हळूहळू दाबत वाकवायची. घाई केली की आतल्या बाजूचे तंतू फुटतात आणि पट्टीवर कोंबड्याच्या पिसासारखी रेघ उठते. अशा अकरा पट्ट्या आतापर्यंत बाजूला टाकल्या.

सर्वांत अवघड जागा नाळेजवळची आहे. तिथे फळी एकाच वेळी आत वळते, वर चढते आणि स्वतःभोवती पिळतेही. सरळ पट्टी तिथे बसवली, तर तिची एक कड उचलली जाते आणि चिमटा काढताच ती सुटते. उपाय जुनाच आहे : नाळेकडे जाताना प्रत्येक पट्टी निमुळती करायची, सात मिलिमीटरवरून साडेतीनपर्यंत, आणि ती निमुळती करताना पट्टी पट्टीवर ठेवून पेन्सिलीने खूण करायची, मोजपट्टीने मोजायचे नाही. आज संध्याकाळी डाव्या बाजूची चौदावी पट्टी बसली तेव्हा ती चिमट्यांशिवायच जागेवर राहिली. हाताखाली सलग वळण लागले. कोपऱ्यातल्या दिव्याचा उजेड त्या वळणावरून कुठेही न अडखळता नाळेपर्यंत गेला, आणि मी बराच वेळ नुसता बघत बसलो.

आमच्या आळीतले भाऊ येऊन गेले. त्यांनी तरुणपणी होड्यांवर सुतारकाम केले आहे. त्यांनी एक शब्द न बोलता अंगठ्याच्या नखाने प्रत्येक सांधा तपासला आणि शेवटी म्हणाले, “फळी चांगली बसलीय, पण कण्याजवळ राळ भर नीट. गळते ती तिथूनच.”

४ ऑगस्ट

नाव पाटावरून उतरवून सुलटी केली. आतून एपॉक्सीचे, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या कृत्रिम राळेचे, दोन हात दिले, बाहेरून पातळ फायबरग्लासचे कापड आणि त्यावर एपॉक्सी. पावसाळ्यात ओलसर हवेमुळे एपॉक्सीवर मेणासारखा थर येतो. तो कोमट पाण्याने धुऊन, सँडपेपर मारूनच पुढचा हात द्यावा लागतो. वजन आज सव्वादोन किलो.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

बंदरावर नारळ सोडून झाल्यावर दुपारी नाव शेजारच्या सिमेंटच्या हौदात सोडली. कलती की सरळ, ते बघण्यासाठी तळात सुटे शिसे ठेवले होते. नाव सरळ बसली, पुढे-मागेही समतोल राहिली. आनंदाचा तो पहिला अर्धा तास. तासाभराने आत हात घातला, तर पाणी! काढून मोजले : सव्वातीनशे मिलिलिटर.

गळती कण्याच्या डाव्या बाजूने, पहिल्या फळीच्या सांध्यातून होती. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. सागवानात नैसर्गिक तेल असते. त्या तेलामुळेच सागवान कुजत नाही, आणि मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. पण तेच तेल एपॉक्सीला धरू देत नाही. चिकटवण्यापूर्वी सागवान अॅसिटोनने पुसून, तासाभराच्या आत डिंक लावायचा असतो. मी कणा तासून तीन आठवडे तसाच ठेवला होता आणि पुसला नव्हता. भाऊंनी बोट ठेवले होते ते नेमके याच जागेवर.

२५ ऑगस्ट

कण्याच्या दोन्ही बाजूंचा सांधा चाकूने दोन मिलिमीटर खोल उघडला. अॅसिटोनने तीनदा पुसला. पहिल्या दोन फडक्यांवर पिवळट डाग आला, तिसरे स्वच्छ निघाले. सांध्यात एपॉक्सीत कालवलेला लाकडाचा भुसा भरला आणि वरून पाच सेंटिमीटर रुंदीची फायबरग्लासची पट्टी बसवली. रात्रभर हौदात ठेवली, सकाळी आतले टिपकागद कोरडे होते.

८ सप्टेंबर

घरी गणपती आहेत. काम बंद.

२२ सप्टेंबर

डोलकाठ्या आणि शिडे. मोठी डोलकाठी पुढे, छोटी मागे, आणि दोन्ही नाळेकडे झुकलेल्या. मी आधी हा झुकाव केवळ देखणेपणासाठी असावा असे समजत होतो. भाऊंनी चूक दाखवली : “काठी उभी केलीस तर वासा चढवताना-उतरवताना काठीला घासत राहील. पुढे झुकली की तो मोकळा लोंबतो.” खऱ्या फत्तेमारीचा वासा जवळजवळ नावेइतका लांब आणि प्रचंड जड असे, तेव्हा ही गोष्ट खलाशांच्या जिवाची होती. माझ्या नावेत वासा पंचाण्णव सेंटिमीटरचा बांबूचा आहे. दोन बारीक काठ्या मध्यभागी एकमेकींवर चढवून दोऱ्याने बांधल्या आहेत. मोठे वासेही असेच सांधलेले असत.

शिडाच्या कापडावर तीन प्रयोग केले. मांजरपाट ओला झाला की जड होतो आणि हलक्या वाऱ्यात फुगतच नाही. छत्रीचे कापड हलके, पण त्याची चकाकी या नावेला अगदीच विजोड दिसते. शेवटी पातळ पॉपलिन दोनदा धुऊन, चहाच्या पाण्यात भिजवून घेतले. वाशाला लागणारी कड कापडाच्या उभ्या धाग्यात घेतली आणि ती सरळ न कापता मध्यभागी आठ मिलिमीटर बाहेर फुगवली. वाशावर ती कड ताणून बांधली, की तो जादा भाग शिडाच्या पोटात सरकतो आणि शिडाला खोलगटपणा येतो. मोठे शीड सुमारे २,९०० चौरस सेंटिमीटर, मागचे १,१५० च्या आसपास.

एक मीटर लांबीच्या आधुनिक स्पर्धेच्या नावांशी माझी नाव ताडून पाहिली. ‘इंटरनॅशनल वन मीटर’ या वर्गात लांबी एक मीटरच्या आत आणि वजन किमान चार किलो लागते. माझी नाव तेवढ्याच लांबीची, पण साडेसहा किलोची होणार आहे. ती कोणाच्या पुढे जाण्यासाठी बांधलेली नाही.

६ ऑक्टोबर

शिशाचे नीरम. शिसे वितळवण्याची वाफ विषारी असते आणि घरात लहान मुले आहेत, म्हणून वितळवायचे टाळले. जाळ्याला लावायच्या शिशाच्या बारीक गोळ्या बाजारातून आणल्या, चाळीस मिलिमीटर व्यासाच्या, अठ्ठावीस सेंटिमीटर लांब पीव्हीसी पाइपात भरल्या आणि वरून पातळ एपॉक्सी ओतले. दोन्ही टोकांना लाकडाची निमुळती टोपणे. पात्यासह वजन २.३ किलो. पाते पंचवीस सेंटिमीटर खोल असून ते तळातल्या खोबणीत खालून शिरते आणि वरून दोन बोल्टांनी आवळले जाते. बोल्ट काढले की नाव पुन्हा कपाटात ठेवता येईल अशी.

हौदात स्प्रिंगच्या काट्याने डोलकाठी, शिडाचा मध्य येतो त्या उंचीवर, आडवी ओढून पाहिली. पात्याशिवाय नाव तीस अंश कलायला सुमारे २२० ग्रॅमचा जोर पुरला. पात्यासह ८५० ग्रॅम लागला. ताशी अकरा किलोमीटरच्या वाऱ्यात दोन्ही शिडांवर मिळून अडीचशे ग्रॅमच्या आसपास जोर येतो असा माझा हिशेब आहे, म्हणजे पाते नसते तर कोकणातल्या कोणत्याही दुपारी ही नाव पाण्यावर पसरली असती.

२० ऑक्टोबर

नाव काठावरून रेडिओने वळवायची, म्हणून सुकाणूला एक सर्व्हो (रेडिओच्या इशाऱ्यावर दांडा किंवा फिरकी फिरवणारे छोटे यंत्र), शिडांच्या दोऱ्यांना एक. दोऱ्यांचा सर्व्हो साधा दांड्याचा घेतला नाही; त्याच्यावर अडतीस मिलिमीटरची फिरकी आहे आणि ती साडेतीन फेरे घेऊन बेचाळीस सेंटिमीटर दोरी गुंडाळते. सगळी यंत्रणा झाकणाखाली लपते. वरून दिसतात ते फक्त काथ्याच्या दोऱ्या आणि मागचा झापांचा आडोसा.

१० नोव्हेंबर

दिवाळी झाली, पाऊस गेला, मतलई सुटली. गावाबाहेरच्या पाझर तलावावर सकाळी सात वाजता पोहोचलो. प्लास्टिक अंथरलेले शेततळे घराला जवळ होते, पण त्या उतारावर पाय सरकला तर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, आणि नाव अडकली की तिच्यामागे उतरण्याचा मोह होतोच. तलावाचा काठ मुरमाड आणि उथळ आहे. तरीही भाच्याला हवा भरलेली ट्यूब आणि लांब दोरी घेऊन काठावर उभे केले.

पाण्यावर धुके होते. जमिनीवरून येणारा वारा इतका मंद, की गालाला कळत नव्हता. काठावरच्या गवताच्या तुऱ्यांवरून दिशा ओळखली. नाव ढकलली. क्षणभर शीड नुसते लोंबत राहिले, मग त्याच्या वरच्या टोकाने वळण घेतले, ते वळण हळूहळू खाली उतरले, वासा किंचित वाकला आणि नाळेखाली पाण्याची बारीक घडी पडली. आवाज काहीच नव्हता. पंच्याहत्तर सेंटिमीटर पाण्यावर टेकलेली ती नाव खऱ्या गलबताच्या संथपणाने निघाली. झपाट्याने डुलणाऱ्या लहान नावा पाहिल्या की त्या खेळणी वाटतात. हिचे डुलणे सावकाश आहे. १६ जूनची सगळी आकडेमोड त्या एका दृश्यासाठी होती.

चाळीसेक मीटरवर गेल्यावर ती ऐकेना. सुकाणू हलेना, शीड ओढले जाईना. वाऱ्याने तिला पलीकडच्या काठाला लावले आणि आम्ही तलावाला वळसा घालून ती आणली. दोष माझा. रिसीव्हरची अँटेना मी तळाशी, बॅटरीशेजारी चिकटवली होती, म्हणजे पाण्याच्या पातळीच्या खाली, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यातून जवळजवळ जातच नाहीत. घरी आल्यावर अँटेना वर, झाकणाच्या आतल्या बाजूला नेली. संपर्क तुटला तर शिडाची दोरी आपोआप सैल सुटेल अशी सोयही रिसीव्हरमध्ये करून ठेवली; पहिल्या दिवशी ती करायला हवी होती.

१७ नोव्हेंबर

बाटल्यांत दगड भरून अठरा मीटरवर दोन खुणा सोडल्या. आडव्या वाऱ्यात हे अंतर नावेने सव्वीस सेकंदांत कापले, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सत्तर सेंटिमीटर. वेगही वर्गमुळाने वाढवायचा असतो; ४.९ ने गुणले, की मोठ्या फत्तेमारीचा साडेसहा नॉटच्या आसपासचा वेग मिळतो. मालाच्या गलबताला तो शोभतो.

खरी अडचण वाऱ्याच्या विरुद्ध जाताना आहे. वासा डोलकाठीच्या एका बाजूला टांगलेला असतो. वारा काठीच्या बाजूने आला, की शीड मोकळे फुगते. दुसऱ्या बाजूने आला, की तेच शीड काठीवर दाबले जाते आणि त्याच्या मधोमध उभी घडी पडते. खऱ्या गलबतावर खलाशी वाशाचे खालचे टोक काठीजवळ आणून वासा उभा करत, शीड काठीच्या पुढून फिरवून पलीकडे नेत आणि खालचे टोक पुन्हा पुढे बांधत. मी तिसरा सर्व्हो आणि रबराची दोरी लावून हे करून पाहिले. दहा वेळांपैकी चारदाच वासा पलीकडे गेला. उरलेल्या सहा वेळा दोरी काठीला अडकली, आणि एकदा तर नाव स्वतःभोवती फिरत राहिली. दहा माणसांनी अंदाज घेत, एकमेकांना हाका मारत करायचे काम तीन इंची सर्व्होच्या दांड्याकडून होत नाही, हे मान्य केले आणि तिसरा सर्व्हो काढून टाकला.

२४ नोव्हेंबर

वासा कायम डाव्या बाजूला ठेवला. वारा उजवीकडून येतो तेव्हा नाव वाऱ्याच्या दिशेशी साठ अंशांपर्यंत चढते. डावीकडून येतो तेव्हा सत्तरच्या वर. दहा अंशांचा हा फरक मला चालेल. वाऱ्याला तोंड देऊन वळवण्याचा प्रयत्नही सोडून दिला, कारण लांब नाळ आणि खोल पाते यांमुळे तोंड मध्येच अडकते आणि नाव मागे सरकू लागते. त्याऐवजी सुकाणू उलटे देऊन, वाऱ्याला पाठ करून, मोठा वळसा घेऊन दुसऱ्या बाजूला यायचे. प्रत्येक वळणाला सहा-सात मीटर मागे जावे लागते. जुन्या फत्तेमाऱ्याही असाच वळसा घेत, हे भाऊंनी तलावाच्या काठावर हाताने हवेत वाट काढून दाखवले. आज ते मुद्दाम सोबत आले होते.

पावणेनऊ वाजता वारा वाढला. नाव पंधरा-वीस अंश कलून, डावी कड पाण्याला टेकवून परत आली. भाऊंनी ट्रान्समिटर हातात घेतला नाही. मात्र नाव काठाला लागताच त्यांनी वाकून तिचा तळ चाचपला, आत हात घातला आणि बोटे चोळून पाहिली. कोरडी होती.

राहिलेली कामे : मागच्या शिडाची दोरी दोन सेंटिमीटरने आखूड करणे, कारण ते मोठ्या शिडाच्या आधी फडफडते; सुकाणूच्या बिजागरीला ग्रीस; आणि नाळेवर, जिथे तलावाच्या मुरमाने रंग खरवडला आहे, तिथे तेलाचा एक हात.